करवंदाच्या चिठ्ठ्या

…नाही, नाही, तुमची सोनिया चुकली नाही हो, येसाजीमामा, ते आधी डोक्यातून काढा. आत या ना, उंबऱ्यावर कशाला? – बरं, बसा तिथंच, मेंढरं दिसली पाहिजेत, व्हय ना? धरणाकाठच्या त्या हॉटेलात साहेबांनी वाइनचे तीन ग्लास पुढं ठेवले, वास घेऊन सांग म्हणाले, आणि पोरीनं सांगितलं – करवंद, कच्ची चिंच, भिजलेलं घोंगडं. काय नाक आहे तिचं! पण साहेब म्हणतात, पुस्तकातले शब्द बोल, परदेशी पाहुण्यांपुढं करवंद कसं चालेल? नोकरीसाठी सोमवारी पुन्हा बोलावलंय, ही मेहेरबानीच. पुस्तक तिनंच पाठवलं ना? मी डकवलेल्या चिठ्ठ्या काढून द्या म्हणाली? द्या इकडं.

आता पुस्तकातले शब्द म्हणजे – हे बघा. कुठल्या द्राक्षाची वाइन, तिला वास कशाचा, सगळं यात. अशी अकरा आहेत, बाकीची त्या फळीवर. वाइनचं शिकायला परदेशी गेले होते ना, तिथून परत येताना कपडे तिकडं टाकले मी, पुस्तकं आणली. आमच्या आबांनी भाड्यानं जाणारी खोली मोकळी करून दिली, म्हणाले, हॉटेलात भांडी घासणारी पोरं चार गोष्टी शिकतील म्हणतेस, तर शिकव. पण यात छापलेली फळं आपल्या गावात, नांद्यात, पाहिलीत कुणी? मग मी काय केलं – प्रत्येक परक्या शब्दावर आपला शब्द डकवला. चिठ्ठ्या कापून, मैद्याची खळ करून, अकराच्या अकरा पुस्तकांत. घोंगड्यावर तेवढी चिठ्ठी लागली नाही, ओल्या लोकरीचा वास मूळ पुस्तकातच आहे! सोनिया किती हसली होती, ‘ज्ञानदाताई, आमचं घर छापलंय की हितं!’

थांबा, एक चिठ्ठी काढून दाखवते. – पाहिलंत? खालची छपाईसुद्धा निघून येते. वाफ दिली, ओलं फडकं लावलं, काही उपयोग नाही. मोबाइलवर? मिळतील हो शब्द, हवे तेवढे. पण तिच्या नाकात माझे बसलेत ना! वास आला की करवंदच म्हणणार ती. ती चिठ्ठी कशी सोलून काढू मी?

मामा, तुम्हाला म्हणून सांगते, आबांजवळ बोलू नका. तिकडची शेवटची परीक्षा मी दोनदा दिली. दोन्हीदा वासात नापास. त्यांचं ते काळं फळ मला ओळखूच येईना, दुसऱ्या वेळी सरळ करवंद लिहिलं, आणि परीक्षक बाईंनी त्यावर लाल रेघ मारली. तो राग – घरी येऊन मी या पुस्तकांवर काढला, दुसरं काय? पोरांसाठी करतेय म्हणत होते. सोनियासाठी करतेय म्हणत होते.

काय? रविवारी? पण नोकरीचं कळेपर्यंत मुलाकडच्या पाहुण्यांना थांबवतो, असं तुम्हीच म्हणाला होतात. नोकरी लागली तर दोन वर्षं लग्नाचं नाव काढणार नाही, असंही. सोमवार तर… एकच दिवस, मामा. – फक्त बघायला येतायत? बरं. बरं. तुमचं तरी काय चुकतंय.

अहो, ते मेंढरू भातात शिरलं बघा. जा, जा तुम्ही. पुस्तक? नको, राहू द्या – नाही, न्या. तिला म्हणावं, घोंगड्याचं पान आहे तसंच आहे, त्याच्यावर मी काही डकवलेलं नाही, तेवढं तरी – जा हो मामा. दार ओढून घ्या.