गुळगुळीत करून हवाय

— नाही हो काका, तयार नाहीये. बसा ना, त्या स्टुलावरचा भुसा झटका आधी. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही तुमच्या या तंबाखूच्या पाइपपायी — हसू नका, खरंच! तुम्ही म्हणालात, गुळगुळीत करून हवाय, हाताला टोचतो. मीही मोठी शहाणी, लगेच हो म्हटलं. नवरा गेल्यापासून दुकानात आलेल्या प्रत्येकाला मी आधी हो म्हणते आणि मग पलंगावर पडून छताकडे बघत बसते.

हे बघा. इथे, अंगठा टेकतो तिथे, काल पॉलिश पेपरनं घासला. एवढाच तुकडा. दिसतात रेषा? ज्वाळांसारख्या वर चढलेल्या? किती स्वच्छ लाकूड — एक डाग नाही, एक भोक नाही. तेच तर! थांबा, सांगते. लाकडाच्या पोटात कुठे खड्डा निघाला ना, की माझा नवरा पाइप वरून खडबडीत करायचा — टोच्यानं टोचून टोचून, अगदी झाडाच्या सालीसारखा. मग खड्डा त्यात हरवून जातो. चांगलं लाकूड मात्र गुळगुळीतच. घासायचं, रंग द्यायचा, मेण लावायचं. त्यात लपवालपवी चालत नाही म्हणायचा — कानस एकदा जरी डगमगली तरी ती लाट जन्मभर दिसते. आणि चांगल्या लाकडाला ओरखडे काढणाऱ्याचे हात बांधून ठेवले पाहिजेत, हेही त्याचंच. मग हा? हा त्यानंच केलाय, शेवटचा. का केला असा खडबडीत?

हाच कशाला, त्या फळीवरचे बघा — शेवटी शेवटी सगळेच तसले. कंटाळला होता का हो? कामाला, की… जाऊ दे. नाही, म्हणजे — घरात असला की हात खिशात. चहा ठेवला तर नुसता बघत बसायचा, मी आत गेल्याशिवाय कपाला हात लावायचा नाही. माझ्यासमोर घोटभर चहा प्यायचीसुद्धा शिसारी? पोरीच्या फ्रॉकची बटणं लाव म्हटलं तर, ‘तूच लाव.’ आणि ही मागची खोली आतून बंद. पोरीला तेवढी आत घ्यायचा, मला नाही. मग एके सकाळी उठलाच नाही. हृदय, म्हणाले डॉक्टर. आता विचारू कोणाला?

शिकलेली आहे मी, भूतबित मानत नाही — म्हणजे दिवसा मानत नाही. पण काल हा तुकडा घासत होते ना, तर वाटलं, पलीकडून, त्या खडबडीत बाजूनं, कोणीतरी उलटं घासतंय. मी थांबले की तेही थांबायचं. त्याचा अ‍ॅप्रन अजून खुंटीवर आहे, बघा — खांद्यांचा आकार गेलेला नाही. म्हटलं, सगळा घासला आणि आत खरंच काही वाईट निघालं नाही तर? मग वाईट काय होतं, काका? मी? —

अगं, ठेव ते खाली! टोचेल! — ही आमची लेक. बालवाडीला दांडी आज, आईची झोप झाली नाही म्हणून. — अगं, तो पाइप काकांचा आहे. बघा काका, कशी बोट फिरवतेय — एकेका खाचेवरून, ओळखीचं काही असल्यासारखं. ए, हे असं का केलं गं बाबानं? तू असायचीस ना आत? बोल. मी नाही रागावणार. काकांकडे नको बघू, माझ्याकडे बघ —

“बाबाचा हात हलायचा ना, म्हणून कानस घसरायची. मग आम्ही टोचायचो. मी त्याचा हात घट्ट धरायचे, दोन्ही हातांनी. पण आईला नाही सांगायचं, असं ठरलंय आमचं.”