पाहुण्यांच्या अंगावर आमचे कोट

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आणि या हॉलचे मालक. त्यांच्या शेजारी बसलेल्या आरोग्य खात्याच्या माननीय मॅडम. ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आमचे मॅनेजरसाहेब आणि वहिनीसाहेब. समोर खुर्च्यांवर बसलेली पाहुणेमंडळी. आणि मागे भिंतीला टेकून उभे असलेले माझे कामावरचे भाऊबंद. सगळ्यांना माझा मनापासून नमस्कार.

मागच्यांनो, आज बसलात तरी चालेल. खुर्च्या सकाळी आपणच मांडल्यात. नाही? बरं, राहा उभे. अंगवळणी पडलंय.

कामगारांच्या वतीनं दोन शब्द बोल, असं मला सांगण्यात आलं. मला भाषण येत नाही. शाळेत माझं बूड कधी टिकलं नाही, आणि शाळेनंही फार आग्रह धरला नाही. नोकऱ्याही अशाच सोडत आलो. या हॉलमध्ये मात्र टिकलो, त्याचं श्रेय साहेबांना द्यायलाच हवं. भरलेला ट्रे एका हातावर कसा तोलायचा ते त्यांनी मला शिकवलं. पहिल्याच लग्नात मी सूप सांडलं तेव्हा त्यांनी आवाज चढवला नाही. स्वतः फडकं घेऊन वाकले. हे मी विसरलेलो नाही. विसरलो असतो तर आजचं बोलणं सोपं गेलं असतं.

माझ्या आधीच्या वक्त्यांनी साथीच्या काळातल्या साहेबांच्या कामगिरीचा गौरव केला. मॅडम म्हणाल्या, नियम कसे पाळावेत ते या हॉलकडून शिकावं. त्याबद्दल मिळालेली ट्रॉफी टेबलावर आहेच. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. हात आपोआप वाजतात हो, वाढप्याचे हात.

काय होते ते नियम, आठवतात कुणाला? लग्नाला पाहुणे पन्नास. खुर्च्यांमध्ये अंतर. दारात ताप बघायचा. गाणं नाही, नाच नाही. पाहुण्यानं स्वतःच्या हातानं वाढून घ्यायचं नाही. आणि वाढपी-स्वयंपाकी त्या पन्नासात धरायचे नाहीत, मात्र ते गणवेशात हवेत. पांढरा कोट, टोपी, मास्क, हातमोजे. हे शेवटचं तेवढं लक्षात ठेवा. सगळं रामायण तिथून सुरू होतं.

ते सांगण्याआधी एक परवानगी मागतो. हा माझा फोन इथे माईकपाशी ठेवतो. चालू आहे. पलीकडे माझी थोरली बहीण आहे, गावाकडे. तिला म्हटलं, आज साहेबांचा निरोप आहे, ऐक. ती म्हणाली, “साहेब बोलणार असतील तर ऐकते. तुझं मी पुष्कळ ऐकलंय.”

ताईचा नवरा, आमचे दाजी, इथंच मागे भांडी घासायचे. मला या परमुलखात आणलं तेही त्यांनीच. साथीत ते गेले. वक्त्यांच्या बोलण्यात त्यांचा उल्लेख आला नाही. यायचं कारणही नव्हतं, कारण कागदोपत्री ते त्या दिवशी इथे नव्हतेच.

कोणत्या दिवशी? सांगतो.

मोठ्या घरचं लग्न होतं. ऑफिसात मी चहा घेऊन गेलो तेव्हा नवरीचे वडील साहेबांपुढे अगदी काकुळतीला आले होते. “माझे भागीदार आहेत, व्याह्यांकडची माणसं आहेत, पोरीचा सख्खा मामा आहे. मामाला दारातून परत लावू?”

साहेब म्हणाले, “पन्नासच्या वर एक डोकं दिसलं तर हॉलला सील लागेल.”

“मग पोरीचं लग्न मामाशिवाय लावू?”

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. म्हणजे माझ्याकडे नाही, माझ्या कोटाकडे. म्हणाले, “काढ रे तो जरा.”

वहिनीसाहेब, तुम्ही हसलात. हसा, हसण्यासारखंच होतं. पन्नासांच्या वरचे सगळे पाहुणे वाढपी झाले. मामांच्या पोटावर माझ्या कोटाची बटणं लागेनात, तर मागून शिवण उसवली. एक आजोबा त्यांना म्हणाले, “अरे पोरा, पाणी आण.” मामा गरजले, “मी मामा आहे नवरीचा!” आजोबा म्हणाले, “असशील बाबा, पण पाणी आण.” आणलं मामांनी पाणी. त्या लग्नाचा अल्बम कधी मिळाला तर जरूर बघा. नवरी एका वाढप्याच्या गळ्यात पडून रडते आहे.

तपासणीला मॅडम, तुम्हीच आला होतात. तुम्ही डोकी मोजली, पन्नास भरली. मामांना तुम्ही विचारलंत, हात कधी कधी धुता? ते म्हणाले, “जेवायच्या आधी.” तुम्ही समजून घेतलंत. तुम्हाला बोल लावत नाही. तुम्ही मोजलंत ते बरोबरच होतं. जे मोजायचे नव्हते ते दुसरीकडे होते.

कुठे होते? सोपं गणित आहे. कोट घातलेला पाहुणा वाढपी झाला, तर कोट काढलेला वाढपी कोण झाला? पाहुणा! बिनकोटाचा एक जरी तुमच्या नजरेला पडला असता, तरी तो एक्कावन्नावा ठरला असता. म्हणून आम्हाला सगळ्यांना भांडी घासायच्या खोलीत घातलं आणि शटर खाली ओढलं. त्या खोलीला खिडकी नाही. उष्ट्या प्लेटा आत सरकवायला भिंतीत एक झरोका आहे, तेवढाच.

आत गेल्यावर दाजी म्हणाले, “काय रे, आज आपण पाहुणे. मग जेवायला कधी वाढतात?” हसलो आम्ही. तेवढ्यात झरोक्यातून पहिल्या प्लेटा आल्या. दाजींनी बाह्या सरसावल्या.

भट्टीवाला कोपऱ्यात बसून खोकत होता. त्यानं सकाळीच सांगितलं होतं, साहेब, अंगात कणकण आहे. साहेब म्हणाले होते, आजचा दिवस काढ. आमच्या तोंडांना मास्क नव्हते. सगळे वाढपी एकसारखे दिसायला हवेत म्हणून खोका बाहेर नेला होता. मी शटर वाजवून मास्क मागितले. साहेब, तुम्ही बाहेरून जे म्हणालात ते मला शब्दन् शब्द आठवतं. “तुम्ही आत आहात. आत कोण बघतंय?”

साहेब, तो आजार कुणी बघतंय का ते बघून यायचा का हो?

निवेदकताई घड्याळ दाखवताहेत. दिसलं मला. आवरतंच घेतो.

आठवड्याभरात खोलीतले तिघं आडवे झाले. भट्टीवाला उठला. आणखी एक उठला. दाजी उठले नाहीत. दवाखान्याच्या दारातून मला त्यांचे बूट तेवढे मिळाले.

मग खात्यातून चौकशी आली, हे तिघं कुठे कुठे गेले होते? लग्नात होते म्हटलं असतं तर हॉल बंद झाला असता, सगळ्यांची चूल विझली असती. हे साहेबांनी मला तेव्हा समजावून सांगितलं, खांद्यावर हात ठेवून. म्हणून खात्याला सांगितलं गेलं की तिघं सुट्टीवर होते, हॉलची पायरीही चढले नव्हते. बरं. खात्याला सांगितलंत, ते समजू शकतो. पण ताईचा फोन आला तेव्हा, साहेब? तेव्हा पलीकडे खातं नव्हतं. बाई होती. तिला तुम्ही म्हणालात, “तो कामावर नव्हता. कुठे भटकायला गेला होता देव जाणे.”

दाजींना पत्त्यांचा नाद होता. ताईला तो ठाऊक होता. त्यावरून घरात भांडणं झालेली. त्यामुळे तुमचं एक वाक्य तिला पुरलं. तिला वाटलं, बाहेर सगळं जग दारं लावून बसलेलं असताना हा माणूस पत्ते कुटायला गेला आणि लेकीला उघड्यावर टाकून मेला. मी गळा फाडून सांगितलं, ताई, मी त्याच खोलीत होतो, त्यांच्या शेजारी होतो. ती म्हणते, “तू तुझ्या दाजींचीच बाजू घेणार. एवढा मोठा माणूस माझ्याशी कशाला खोटं बोलेल?”

आता भाची मोठी होतेय. मैत्रिणीकडून यायला जरा उशीर झाला की ताई म्हणते, “बापावर गेलीस.” आमच्या घरात ही शिवी झालीय, साहेब. मागच्या खेपेला गेलो तेव्हा ती पोर मला विचारत होती, “मामा, बाबांना आम्ही आवडत नव्हतो का?”

मालकसाहेब, असं उठू नका. मला भरपाई नको, तक्रार करायची नाही, ट्रॉफीसुद्धा परत घेऊ नका, छान दिसते तिथे. ती साथ गेली, ते नियम गेले, हॉलला आता सील लागायचं नाही. साहेबांची नोकरी तर आजच संपते आहे. माझी जाईल, तर जाऊ दे, मला कुठे मुळं फुटलीत! मला एक वाक्य हवंय, आणि ते माझ्या तोंडून चालत नाही. माझं तोंड लहान आहे.

साहेब, तो माणूस त्या दिवशी कामावर होता की नव्हता?

साहेब मान हलवताहेत. सभागृहाला दिसली. पण साहेब, मान हलवलेली फोनवर ऐकू येत नाही.

हो, बसूनच बोला. मी माईक आणतो तुमच्यापाशी.

...

ऐकलंस ताई? “होता,” म्हणाले. “माझ्या सांगण्यावरून आत होता,” म्हणाले. ताई? ताई, आहेस ना?

थांबा हं, मंडळी. ती काहीतरी बोलतेय.

हो. हो, सांगतो.

साहेब, ताई म्हणते, पोरगी तिच्या शेजारी बसली आहे. तिला नीट ऐकू आलं नाही. आणखी एकदा सांगाल का, असं विचारते आहे.

तर मंडळी, माझे दोन शब्द इथेच संपवतो. बोलायची संधी दिल्याबद्दल अध्यक्षांचे आभार. बहुधा ती पुन्हा मिळणार नाही, म्हणून आताच मानून घेतो. मॅडमचे आभार, वहिनीसाहेबांचे आभार, भिंतीपाशी उभे आहेत त्यांचे आभार. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, शब्द वाकडा गेला असेल, तर अडाणी समजून पोटात घाला. मी बसतो. माईक साहेबांकडेच राहू द्या.

सांगा, साहेब. जरा मोठ्यानं.