पोस्ट काढली, सांगितलं नाय

...आणि वर मलाच विचारतात, "कमळाकर, तोंड कुठं आपटलंस रे?" आपटलं? अवो, तोंड काय आपल्या पायानं चालत जाऊन आपटतं का कुठं? मारलंय मला! दोघांनी मिळून मारलंय, आणि ते दोघं एकमेकांचे पक्के दुश्मन, वर्षानुवर्षं एकमेकांच्या घरचं पाणी प्यायले नाय, पण मला मारायला एक झाले, एकानं धरलं नि एकानं हाणलं, आणि हाणताना काय बोल्ले असतील? "पोस्ट काढली त्याचं काय नाय, पण सांगितलं का नाय?"

तुमाला सांगतो, मी वाशिंदच्या कंपनीत कामाला जाणारा साधा माणूस. फेसबुकवर आमचा एक ग्रुप हाय, 'आपला शहापूर-मुरबाड', तुमीपण असाल त्यात, नसाल तर सुखी तुमी. किन्हवलीची यष्टी आज आली का नाय, कोणाची म्हैस सुटली, लाइट कवा येणार, कोणाच्या पोरीला दहावीला किती पडले... असलं सगळं त्याच्यात. ज्यानं ग्रुप काढला त्याला पुण्याला नोकरी लागली, जाताना मला बोल्ला, "कमळाकरदादा, तू शांत माणूस हायस, तू अॅडमिन हो." शांत! होतो तवा शांत. तवा माझे पुढचे दातपण होते.

अॅडमिनचं काम काय? शिवी दिसली, काढ. कोयता दिसला, काढ. जेवणाच्या सुट्टीत एका हातात भाकरी नि एका हातात मोबाइल, घास कमी, कोयते जास्त! आणि काढली का त्या माणसाला कळवायचं, त्याला तयार मजकूर हाय, 'आपली पोस्ट समूहाच्या नियमांत बसत नसल्याने काढून टाकण्यात आली आहे. सहकार्याबद्दल आभार.' मी आपला इमानानं धाडायचो. तर एक दिवस कंपनीच्या गेटवर एक बाई हजर. तानी तिचं नाव. शेजारणीच्या नावानं पान भरून शिव्या लिवल्या होत्या तिनं, त्या मी काढल्या होत्या. "तूच का रे कमळाकर?" मी बोल्लो, "हो ताई, बोला." पुढचं ताई बोल्लीच नाय, पायातली चप्पल बोल्ली! "सहकार्याबद्दल आभार? कवा केलं रे मी तुला सहकार्य? मेल्या, शिवीला शिवी दे, आभार कसले मानतोस?" आणि कंपनीचा वॉचमन काय करतो, तर व्हिडिओ काढतो. तो व्हिडिओ परत आमच्याच ग्रुपवर! तो मी काढून टाकला. कोणाला कळवलं नाय.

तवापासून मी ठरवलं, काढायची पण सांगायचं नाय. सांगून मार खाण्यापेक्षा न सांगता काढलेली काय वाईट? कोणाच्या ध्यानात तरी येतंय का? आणि आलं नाय हो, कोणाच्या ध्यानात आलं नाय... हनुमानापर्यंत.

हनुमान म्हंजे माझा सख्खा मेव्हणा, माझ्या बायकोचा, रुपालीचा, धाकटा भाऊ. मुरबाडच्या अंगाला त्याची भाताची शेती, आणि त्याच्या शेताला लागून गोजरचं शेत. मधे एक बांध. आता बांध हाय म्हंजे कोरणं आलं, दरवर्षी हा जरा खरवडतो, तो जरा खरवडतो, शेवटी शेवटी त्या बांधावर बगळा बसला तरी एक पाय दुमडून बसायचा, दुसऱ्याला जागाच नाय. या वर्षी गोजरनं जरा जास्त खरवडलं. झालं! हनुमानानं ग्रुपवर टाकली पोस्ट, 'गोजर, उद्या सकाळी बांधावर ये. कोयता घासून ठेवलाय. तुझा मुडदा पाडला नाय तर नाव बदलीन.' वर कोयत्याचा फोटो. आणि त्या फोटोला चौकट कसली, तर गुलाबाची फुलं नि 'शुभ सकाळ'.

मी ती जेवताना बघितली आणि काढली. काढणारच! मुडदा बोल्लाय माणूस! आणि त्याला काय कळवायचं? घरचाच माणूस तो, बायकोच्या भावाला कोण लिवतं का, 'सहकार्याबद्दल आभार'? भाकरी संपवली, हात धुतला, कामावर गेलो. मनात काय तर, चला, एक खून टाळला आज!

आता इथं तुमाला आमच्याकडची एक रीत सांगायला पाहिजे. आमच्याकडं गुपचूप कोणी भांडत नाय. पयलं कसं असायचं, ज्याला भांडायचंय तो चावडीसमोर उभा राहून बोंब मारायचा, "आज याला जित्ता ठेवत नाय!" अख्खं गाव ऐकायचं. का मारायचा बोंब? मारायचंच असेल तर जाऊन मारील ना माणूस! बोंब मारायची ती लोकांनी यावं म्हणून. मंग लोक हातातलं काम टाकून पळायचे, दोघं कमरेला धरायचे, एक जण कोयता काढून घ्यायचा, म्हाताऱ्या मधे आडव्या पडायच्या, आणि हा धरलेला गडी ओरडायचा, "सोडा मला! सोडा!" कोणी चुकून हात ढिला केला तर हाच वळून बोलायचा, "नीट धर की रे!" मंग चहा व्हायचा, जाणती माणसं बांधावर दगड रोवायची, दोघं आपापल्या घरी. इज्जत राहिली, डोकी पण राहिली.

पण आता गावात सकाळी असतंय कोण? कोण वाशिंदला, कोण कल्याणला, फास्ट लोकल धरायला पळालेलं सगळं. चावडीसमोर बोंबललं तर कोंबड्या येतील! म्हणून लोक बोंब ग्रुपवर मारतात हो. ही अक्कल मला नंतर आली, जबडा सुजल्यावर.

तर सकाळी हनुमान कोयता घेऊन बांधावर. समोरून गोजर कुऱ्हाडीचा दांडा घेऊन हजर, कारण त्यानं पोस्ट काढायच्या आधी वाचलेली. आणि धरायला कोण? कोणच नाय! हनुमान वाटेकडं बघतो, गोजर वाटेकडं बघतो. "ये ना रे, हिंमत असेल तर!" "तू ये!" "तूच ये!" सात पिढ्यांच्या शिव्या देऊन झाल्या, बाह्या सारून झाल्या, खाली सोडून परत सारल्या. गोजर बोल्ला, "थांब, तंबाखू मळतो." हनुमान बोल्ला, "मळ." बिचारा हनुमान मनात बोल्ला असेल, एवढ्या हजारो लोकांनी वाचलीय माझी पोस्ट, येतील, आता येतील... अवो, कोण येणार? पोस्ट हायच कुठं? ती त्याच्या दाजीनं भाकरीबरोबर खाल्ली!

आणि मंग दोघांनाबी लाज वाटायला लागली. आलोय, हत्यार हातात हाय, न मारता परत कसं जायचं? पयला दांडा गोजरनं मारला, तो बसला हनुमानाच्या डोक्यात. कपाळावरून रगताची धार. हनुमानानं कोयता फिरवला, देवाची कृपा म्हणून उलटा बसला, तरी गोजरचं मनगट मोडलं. मंग चिखलात लोळून गळा काय धरला, कान काय चावला, बुक्क्या काय! लढता लढता हनुमान बोंबलतोय, "अरे कोणीतरी धरा रे!" आणि गोजर खालून बोंबलतोय, "अरे याला धरा रे!" शेवटी एक गुराखी आला, त्यानं दोघांना रिक्षात घातलं.

मी दवाखान्यात पळत गेलो. दोघांच्या खाटा शेजारी शेजारी. हनुमानाचं डोकं पांढरं गुंडाळलेलं, त्याच्यातून लाल फुटलेलं. तो दांडा जरा खाली बसला असता, कानशिलावर, तर? रुपाली उशाला बसलेली. तिनं माझ्याकडं एकदाच वर बघितलं आणि बोल्ली, "पोस्ट काढलीत त्याचं काय नाय वो... पण त्याला सांगितलं का नाय? एक फोन केला असतात तर तो गेलाच नसता बांधावर." मी तोंड उघडलं. तेवढ्यात सासूबाईंनी जेवणाचा डबा घातला त्या तोंडात. तीन ताळी, स्टीलचा, आमटीनं भरलेला! "जावईबापू, पोस्ट काढलीत त्याचं काय नाय!" दात तिथं गेले. नर्सबाई ओरडली, "इथं मारामारी करायची नाय!" तर सासूबाई बोल्ल्या, "मारामारी कुठं बाई, जावयाला वाढतेय!"

रुपाली तिथूनच भावाच्या घरी गेली, ती आलीच नाय. फोन उचलत नाय, मेसेज बघत नाय. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं, पण ही गप्प! गप्प बाई म्हंजे काय असतं, ज्याचं त्याला माहीत. घर खायला उठतं हो. कंपनीतून येऊन कुलूप काढायचं, स्वतःच भात टाकायचा, स्वतःच करपवायचा, स्वतःच खायचा. नाव ठेवायला माणूस नसेल तर करपलेल्या भाताला काय मजा?

शेवटी गेलो सासरवाडीला तिला आणायला. बघतो तर ओटीवर हनुमान नि गोजर एकाच ताटाला! खाटा शेजारी लागल्या तशी दोस्ती झालेली, बांधावर दगडसुद्धा रोवून झालेला. मी बोल्लो, चला, राग गेला. गावठी कोंबडा कापलेला, तांदळाच्या भाकऱ्या, "दाजी, घ्या ना अजून", "दाजी, लाजू नका", नळी काढून माझ्या ताटात! रुपाली मात्र आतल्या घरात, बाहेर येईना. जेवलो, सुपारी दिली, हनुमान बोल्ला, "दाजी, जरा वेशीपर्यंत चला, पाय मोकळे करू." आता मला काय माहीत, त्यांच्यात जावयावर घराच्या आत हात टाकत नाय? वेशीचा दगड ओलांडला नि गोजरनं चांगल्या हातानं मागून धरलं. हनुमानानं माझी टोपी काढली, माझ्याच खिशात नीट ठेवली, आणि कानाखाली असा आवाज काढला का झाडावरची वटवाघळं उडाली! "दाजी, माफ करा हां, मानानं मोठे तुमी... पोस्ट काढलीत त्याचं काय नाय, पण सांगितलं का नाय?" पोटात गुडघा. "लागलं का दाजी?" पाठीत बुक्की. "पाणी देऊ का दाजी?" मी ओरडलो, "अरे धरा रे कोणीतरी!" मागून गोजर बोल्ला, "धरलंय ना!"

रुपालीला न घेता परत आलो. आलो म्हंजे आणला. गोजरनंच रिक्षात घालून आणला, माणूस वाईट नाय.

आणि आज... त्या बांधावरच्या राड्यानंतर पोस्ट आधी माझ्याकडं मंजुरीला येईल असं मी करून ठेवलंय, तर आज जेवणाच्या सुट्टीत मोबाइल उघडला, मंजुरीला एक पोस्ट आलेली. टाकणारीचं नाव बघितलं नि घास हातात राहिला. रुपाली! लिवलंय काय, वाचून दाखवतो, 'कमळाकर नावाच्या अॅडमिनला येत्या रविवारी सकाळी किन्हवलीला, त्याच्या स्वतःच्या दारात, मुसळानं झोडपणार हाय. मुसळ माहेरून घेऊन येतेय. हाडं मोजून ठेवावी.' तुमाला सांगतो, वाचून माझ्या डोळ्यात पाणी आलं. बोंब मारलीन बयेनं! माझ्या दारात येतेय बोल्ली, माझ्या दारात!

आता सांगा, नियमात बसते का ही पोस्ट? अजिबात नाय! मुसळ हाय, धमकी हाय, हाडं हायत. पण काढून कसं चालंल? मी मंजूर केली, सगळ्यात वर पिन केली, आणि पयल्यांदा स्वतःच्या हातानं मेसेज लिवला तिला, 'पोस्ट ठेवली हाय. ये.' तिनं बघितला. उत्तर नाय, पण बघितला!

म्हणून तुमाला एवढं सगळं सांगत बसलोय, मला काय कंठ फुटलाय का उगाच? रविवारी या, सगळी या, कामबिम बाजूला ठेवा नि तिला धरा... फक्त येऊन लगेच धरू नका हां, पाया पडतो. दोन-चार चांगले बसू द्या मला. आल्या आल्या धरलीत, तर तशीच मुसळ घेऊन परत माहेरी जायची!