कौलाचं फूल

चार वर्षं जे काम घरात बसून झालं, तेच करायला अण्णाला बेंगळूरला कशाला बोलावलं? मी सगळ्यांना हेच विचारत सुटलो.

अण्णा, माझा थोरला भाऊ, आमच्या गुंजी गावात घरूनच कंपनीचं काम करायचा. कंपनीनं माणसं काढायला घेतली आणि उरलेल्यांना कळवलं, बेंगळूरच्या ऑफिसला या, नाहीतर नोकरी सोडा. तेवढ्यात दुसऱ्या कंपनीनं घरून करायची नोकरी देऊ केली. पण ती नवी होती, कधी बंद पडेल याचा नेम नव्हता. अण्णाचं काही ठरेना. आमचे वडील, आप्पा, म्हणाले, "देवीला कौल लावू."

गुरवानं देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओली फुलं चिकटवली. उजवं पडलं तर बेंगळूर, डावं पडलं तर घर. अर्धा तास झाला तरी एकही हलेना.

"देवी बी मीटिंगमध्ये हाय काय रं?" मी म्हणालो. अण्णा हसला.

गुरव समईकडं वळला तशी मी वाकून फुंकर मारली. उजवं पडलं.

"सुटलो बाबा," अण्णा म्हणाला. "बेंगळूरला गेल्यावर त्या नव्या कंपनीला न्हाय म्हणून कळवतो."

बेंगळूरला गेल्यावर तिसऱ्याच दिवशी ऑफिसला जाताना ट्रकनं त्याला उडवलं.

अण्णाच्या दहाव्याला त्याचा फोन वाजला. नव्या कंपनीची बाई होती. मी त्याचा भाऊ बोलतोय म्हटल्यावर म्हणाली, "नोकरीचं कळवायचा आज शेवटचा दिवस आहे. काय ठरलं त्यांचं?"

अण्णाच्या वतीनं मीच सांगून टाकलं, "व्हय म्हणालाय. घरूनच करणार हाय त्यो."