सुलभाच्या उंदरांचे मेंदू

अरे, शोध कसा लागतो ते आमच्या सुलभाला विचारा. तेव्हा आम्ही दोघी ठाण्यातल्या एका लॅबमध्ये उंदरांच्या मेंदूतल्या पेशींची मापं घ्यायचो. एका दुपारी ही नाचतच आली.

“औषध दिलेल्या उंदरांच्या पेशी आक्रसल्यात! थिसिस झाला माझा!”

आमच्या मॅडमनी चहाचा कप खाली ठेवला. “काप काढायच्या आधी मेंदू अल्कोहोलमध्ये ठेवले होतेस ना, पाणी निघून जायला?”

“हो मॅडम.”

“औषध न दिलेल्यांचे किती वेळ?”

“एक दिवस.”

“आणि औषध दिलेल्यांचे?”

सुलभा राहायला टेंभी नाक्याला, नवरात्रातल्या देवीच्या मांडवाशेजारीच ना! घटस्थापनेच्या आदल्या दिवशी मेंदू बाटलीत घालून गेलेली, ती देवीचं विसर्जन करूनच उगवलेली.

“दसऱ्यापर्यंत,” ती पुटपुटली. आता रडणारच होती.

मॅडमनी आपला चहा तिच्यापुढे सरकवला. “अगं, एवढे दिवस निर्जळी उपास घडल्यावर कोण बारीक होणार नाही? पुन्हा कर. फक्त या वेळी उपास सगळ्यांना सारखा घडव.”