उदाहरण जिवंत हवं!

नाही, माणसाचं अक्षर चांगलं असूच नये हो! तुम्हाला सांगते, आमच्या ह्यांच्या ऑफिसात बाकी सगळे गिचमीड लिहितात आणि सुखात आहेत... होते म्हणा! नवे साहेब आले, त्यांना स्टाफचं इंग्रजी सुधारायची हौस, म्हणून दारातल्या फळ्यावर दर आठवड्याला एक इंग्रजी वाक्प्रचार, त्याचा अर्थ, आणि खाली वाक्यात उपयोग! लिहिणार कोण? हे! साहेब संध्याकाळी निघताना चिठ्ठी हातात ठेवणार आणि अगदी हळू आवाजात म्हणणार, "उदाहरण मात्र जिवंत हवं हं. आपल्याच माणसांतलं."

पहिला आला 'पासिंग द बक', म्हणजे आपली जबाबदारी दुसऱ्याच्या गळ्यात मारणं. ह्यांनी वाक्यात उपयोग केला, स्टोअरकीपर सगळं ड्रायव्हरवर ढकलतात. ऑफिस खो खो हसलं, स्टोअरकीपरही हसले... आणि गुरुवारी त्यांची खुर्ची रिकामी! मी म्हटलं, असेल योगायोग. पुढच्या आठवड्यात 'ऑन थिन आइस', म्हणजे पायाखालचं कधी खचेल नेम नाही अशी गत. ह्यांनी आपलं सहज टायपिस्टबाईंचं उशिरा येणं घातलं. शुक्रवारी बाई डबा, चपला, कॅलेंडर पिशवीत भरून निघून गेल्या. ह्यांच्याकडे वळून बघितलंसुद्धा नाही हो!

मग काय! हे फळ्याशी उभे राहिले की अख्खं ऑफिस चिडीचूप. कॅशिअर जिन्यात गाठून हात जोडतात, "भाऊ, घरी म्हातारी आई आहे... मला वाक्यात घेऊ नका!" इकडे घरी ह्यांचा घास हातात तसाच, आणि पुटपुटतात काय, "वाक्यात उपयोग... कुणाचा करू गं?" मी वैतागून म्हटलं, भिंतीवरच्या घड्याळाचा करा! केला. 'ऑन इट्स लास्ट लेग्ज', म्हणजे अखेरच्या घटका मोजणं. साहेब म्हणाले, "घड्याळ माझ्या स्टाफवर नाही," आणि स्वतःच्या हातानं फळा पुसला. दुसऱ्या दिवशी घड्याळही गेलं भिंतीवरून!

आणि मग आली ती मेली चिठ्ठी... 'गेट द ॲक्स', म्हणजे नोकरीवर कुऱ्हाड कोसळणं. हे पांढरेफटक. आणि मी? मी अक्कल पाजळली! "अहो, स्वतःचंच नाव घाला की! फळा लिहिणाऱ्याला कोण काढतंय? मग लिहिणार कोण?" निवृत्तीला तीन वर्षं, धाकटीचं कॉलेज अजून व्हायचंय, आणि मी बाई असलं सांगून बसले! ह्यांनी आजवर माझं एक ऐकलं नाही, नेमकं हेच ऐकलं. साहेब म्हणे फळ्यापुढे बराच वेळ उभे राहिले, आल्यापासून पहिल्यांदा हसले आणि म्हणाले, "वा! आता कसं जिवंत वाटतंय."

संध्याकाळी हे आले ते पाकीट घेऊनच. पत्रात सगळ्यात खाली साहेबांच्या हातची ओळ, 'नो हार्ड फीलिंग्ज'. मी विचारलं, अहो, म्हणजे काय? "मनात काही ठेवू नका." माझ्या डोळ्यांना धार लागलेली, धाकटी दारात थिजून उभी, आणि ह्यांनी चष्मा पुसला, ती ओळ पुन्हा वाचली, मान डोलावली आणि म्हणाले, "काही म्हण... वाक्यात उपयोग मात्र अचूक केलाय गं साहेबांनी!"