डाव्या खांद्याची रायफल

मोंटानातल्या बंदुका घडवणाऱ्याच्या दुकानात, झोपलेलं बाळ खांद्यावर सावरत उभ्या असलेल्या इंग्रिडला रांगेत पुढे असलेल्या म्हाताऱ्या नवरा-बायकोचं बोलणं ऐकू येत होतं.

“वेंडेल, रायफलचा बोल्ट, तो मागे ओढायचा दांडा, डाव्या बाजूला कशाला सांगितलास?”

“असू दे गं, कोरा.”

“डावखुरी तर ती लोरेटा आहे, तुझी शिकारीची सोबतीण!”

“काहीतरीच तुझं! माझ्यासाठीच बनवून घेतोय.”

“चाळीस वर्षं उजव्या खांद्याला लावलीस, आणि आता हे?”

“हौस म्हणून.”

“हो का? मग डावा डोळा झाक आणि ती पाटी वाच.”

“लोक बघतायत.”

“वाच.”

वेंडेलने डावा डोळा झाकला, पाटीकडे मान पुढे केली आणि हात खाली घेतला. “उजव्याने अक्षरं लागत नाहीत.”

“कधीपासून?”

“हिवाळ्यापासून. माझं शिकारीला जाणं बंद करशील, म्हणून बोललो नाही.”

“शिकारीला खुशाल जाऊ. गाडीची किल्ली तेवढी इकडे दे.”